रहाट गेला, बावखल राहू द्या



पाण्यावर चालणारे जाते तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? छत्रपती संभाजीनगरला गेलात तर पाणचक्की जरूर पाहा. हर्सूलच्या बाजूने जमिनीखालच्या नळांतून पाणी आणायचे, त्याच्या धारेने पात्यांचे चाक फिरवायचे आणि त्या चाकावर वरचे जाते दळण दळायचे. फकिरांचे आणि यात्रेकरूंचे पीठ तिथे होई. इंग्लंडच्या खेड्यांतून तर अशा हजारो चक्क्या होत्या. वाफ आणि वीज आली, जाती थांबली. पुढे त्यांतल्या कित्येक इमारतींत लोक संसार थाटून राहिले. पण घर झाले म्हणून खालचा ओढा बुजवता येत नाही. पाण्याचा ओघ मोकळा ठेवणे ही तिथे मालकाचीच जबाबदारी असते.

आपल्या वसईत गोष्ट उलटी. तिथे पाण्याने चाक फिरे. इथे बैल-रेड्याच्या जोरावर चाक फिरे आणि मडक्यांच्या माळेतून पाणी वर येई. त्या रहाटावर केळी आणि पानवेली पोसल्या. पुढे इंजिन आले, विजेचा पंप आला आणि रहाट मोडीत निघाले. आता त्या जागांवर घरे उठत आहेत.

मागे पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीत गेलो होतो. मुलाने घराचा नकाशा दाखवला. रहाटाच्या जागी ओटी, बावखलावर भराव आणि त्यावर मागची खोली. आजी दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, रहाट गेला त्याचं काही नाही. पण बावखल गेलं तर विहिरीला पाणी कुठून येईल?"

मी मुलाला म्हटले, "आजींचे बरोबर आहे." आपली जमीन समुद्राकाठची. पावसाचे गोडे पाणी हलके, म्हणून ते जमिनीत खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगते. बावखलात साठलेले पावसाचे पाणी जिरून या गोड्या थरात भर पडते. भर थांबली आणि पंपाचा उपसा चालूच राहिला, की खारे पाणी वर चढते. विहीर मचूळ झाली, की केळीची पाने कडेने करपू लागतात. शिवाय मोठ्या पावसाला थांबायला जागा उरत नाही. जुलै 2018 मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात होते, ते आपण विसरलेलो नाही.

घर बांधू नका असे मी म्हणत नाही. मात्र एवढे करा:

बावखल सोडून जोते घ्या. उन्हाळ्यात त्यातला गाळ काढा. तो वाडीला उपयोगी पडेल.

छपराचे पाणी पन्हाळीने बावखलात सोडा. 100 चौरस मीटर छपरावर 2000 मिलिमीटर पाऊस पडला, तर 2 लाख लिटर पाणी होते.

संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान 60 फूट दूर ठेवा.

जुन्या विहिरीला कठडा आणि वर जाळी करा. घरात लहान मुले असतात.

त्या मुलाने नकाशा बदलला. मागची खोली थोडी लहान झाली, ओटी मात्र रहाटाच्या जागीच आली. आजी आता तिथे बसतात आणि समोर बावखल दिसते.

तुमच्या वाडीत बावखल असेल, तर भरावाचा ट्रक बोलावण्याआधी विहिरीचे पाणी एकदा चाखून पाहा. आज ते गोड का आहे, याचा घरात सर्वांनी बसून विचार करा.