नोकऱ्या कोणी वाचविल्या?

प्रचारसभेत रोजगार वाटण्यास राजकारण्याला काहीच खर्च येत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये कॅरिअर कंपनीने अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील, घरे उबदार ठेवणाऱ्या यंत्रांचे उत्पादन मेक्सिकोत हलविण्याचे जाहीर केले. उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांनी ते जाऊ न देण्याची ग्वाही दिली. निवडून येताच करार झाला. इंडियाना राज्याने ७० लाख डॉलरच्या सवलती देऊ केल्या आणि जयघोष झाला. तरीही जानेवारी २०१८ पर्यंत त्याच कारखान्यातील ५०० हून अधिक कामगार घरी बसले. शेकडो नोकऱ्या वाचल्या, हे खरेच. परंतु जयघोषात गेलेल्यांची गणती नव्हती. कामगाराच्या भाकरीवर मते मागणाऱ्यास मतदाराने म्हणूनच खडसावून विचारावे : नोकऱ्या किती जणांना, किती वर्षे आणि कोणाच्या पैशाने?