पैशाचा भूतकाळ कशाला विचारता?

क्रिप्टो हलाल की हराम, यावर आपल्याकडे वाद चालतो. तो आज बाजूला ठेवतो. मला भांडायचंय ते वेगळ्याच समजुतीशी: आपला व्यवहार झाकतो तो चोरच असणार.

पैशाला भूतकाळ चिकटत नाही, म्हणून तर तो हातोहात फिरतो. स्कॉटलंडच्या ह्यू क्रॉफर्डने १७४८ मध्ये वीस पौंडांच्या दोन नोटा टपालाने पाठवल्या. पठ्ठ्याने नोटांवर सही केली, नंबरही टिपून ठेवले. नोटा वाटेत चोरीला गेल्या. पुढे त्यातली एक रॉयल बँकेत निघाली, तेव्हा हा म्हणाला, माझी आहे, परत द्या. कोर्टाने १७४९ मध्ये नाही म्हटलं. प्रामाणिकपणे नोट घेणाऱ्याने तिची कुंडली तपासत बसायचं ठरवलं, तर बाजार कसा चालणार?

बिटकॉइन, इथर यांच्यात नेमकं उलटं आहे. प्रत्येक व्यवहार कायमचा आणि सगळ्यांसमोर. पत्त्यावर नाव नसतं, पण तो पत्ता तुमचा आहे हे एकदा कळलं की तुमचं पासबुक चौकात टांगलंच म्हणून समजा. मग एक नाणं स्वच्छ, दुसरं डागी. डागी नाणं एक्स्चेंजने अडवलं तर मार खातो शेवटी घेणारा, चोर नव्हे.

टॉर्नेडो कॅश हा माग तोडायचं. अनेकांनी ठरावीक रकमा एकत्र टाकायच्या, नंतर दुसऱ्याच पत्त्यावर काढायच्या. उत्तर कोरियाच्या हॅकरांनी ते वापरलं, हे खरंच आहे. पण इथेरियमच्या विटालिक ब्युटेरिन यांनीही त्यातूनच युक्रेनला मदत पाठवली, घेणाऱ्यांवर नजर राहू नये म्हणून. अमेरिकेने ८ ऑगस्ट २०२२ रोजी त्या अख्ख्या प्रोग्रामवरच निर्बंध लादले. लगेच कुणीतरी गंमत म्हणून त्यातून नामांकित लोकांना ०.१ इथर पाठवून दिलं. न मागता डाग! येणारं नाणं नाकारायची सोयच नाही.

अमेरिकेच्या अपील कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे निर्बंध बेकायदा ठरवले, मार्च २०२५ मध्ये ते उठलेही. त्याआधीच, मे २०२४ मध्ये, नेदरलँड्सच्या कोर्टाने हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी अलेक्सी पेर्त्सेवला ५ वर्षं ४ महिन्यांची शिक्षा सुनावली होती.

'लपवायला काही नाही' म्हणणाऱ्यांनी आपलं पासबुक जरा मोहल्ल्याच्या नाक्यावर चिकटवून दाखवावं. नावाशिवाय चिकटवलं तरी चालेल, शेजारी दोन दिवसांत ओळखतील.