वजनाच्या नादात साखर घालवू नका



तोड जवळ आली की बांधावर एक सल्ला हमखास ऐकू येतो: "शेवटचं एक पाणी दे, थोडा युरिया टाक, वजन भरतं." माझं स्पष्ट मत आहे, हे करू नका.

उसाच्या आत काय चालतं बघा. पानात तयार झालेली साखर कांड्यात उतरते. तिथं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं. ते साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, कारण वाढीला तेच लागतं. कोवळ्या शेंड्यात ते जोरात असतं, पक्व कांड्यात मंदावतं, म्हणून तिथं साखर साठते. उशिरा युरिया-पाणी मिळालं की ऊस परत वाढीला लागतो आणि साठवण मागं पडते. फुटलेल्या साखरेचा कारखान्यात दाणा होत नाही, ती मळीत जाते.

तोडल्यावरही हे थांबत नाही. ऊस उन्हात पडून सुकला की हेच एन्झाइम पुन्हा जोर धरतं. जाळलेला ऊस तर अजून लवकर खराब होतो.

तुम्ही म्हणाल, "पैसे वजनावर मिळतात, माझ्या एकट्याच्या उसानं काय होतंय?" पावती वजनाचीच, खरं आहे. पण एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे जास्त. उतारा पडला तर सगळ्यांच्याच टनामागं कात्री लागते, तुमच्याही.

टोळी कधी येईल हे आपल्या हातात नाही, मान्य. पण एवढं नक्की हातात आहे:

१) नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीलाच संपवा.
२) तोडीआधी साधारण १५ दिवस पाणी तोडा. हलक्या जमिनीत ऊस वाळणार नाही एवढं बघा.
३) रिफ्रॅक्टोमीटरनं बुडख्याचा आणि शेंड्याकडचा ब्रिक्स मोजा. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस पक्व. फरक मोठा असेल तर तोडीची घाई नको.
४) गाडी ठरल्याशिवाय कोयता लावू देऊ नका. तोडलेला ऊस २४ तासांत गाळपाला जावा.
५) फड पेटवू नका, टोळीनं आग्रह धरला तरी.

वर्षभर राबून भरलेली साखर शेवटच्या पंधरा दिवसांत घालवायची नाही, एवढंच सांगणं.

आपला कृषी सल्लागार