आधी घरात विचारलं

मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या पावसाळ्यात येतात आणि दिवाळीपर्यंत विरतात. १९९३ साली त्या पहिल्यांदा गाजल्या, तेव्हापासून हेच चाललंय. मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या परतवाड्यात मात्र त्या नुसत्या बातम्या नसतात. घाट उतरून आलेला पेशंट आपल्या स्टँडवर भेटतो. अशा गावातून दिवाळी अंक काढताना मनाला खुटखुट लागतेच. यंदा आलेल्या लेखांतही ती होती : वर डोंगरात असं चाललेलं, अन् आपण करंज्या तळायच्या?

या प्रश्नापाशी आम्हाला मेळघाटातल्याच बैरागडचं एक घर आठवतं. शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरला एमबीबीएस झाले आणि ऐंशीच्या दशकात बैरागडला आले. स्फोटात हात गमावलेला माणूस दारात आला, तेव्हा आपलं शिक्षण पुरत नाही हे त्यांनी ओळखलं, आणि ते परत जाऊन एमडी झाले. गाव अडलेलं असताना डॉक्टर शिकायला गेला, असं म्हणता आलं असतं. पण ती वर्षं त्यांनी स्वतःवर खर्च केली, म्हणून पुढची गावाला मिळाली.

लग्नाच्या त्यांच्या अटी तर प्रसिद्धच आहेत. ४० किलोमीटर चालण्याची तयारी, पाच रुपयांत नोंदणी विवाह, महिना ४०० रुपयांत संसार (फी पहिल्यांदा दोन रुपये, नंतर एक; तेवढंच जमणार), आणि वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी भीक मागणं. आपण या अटी त्याग म्हणून सांगतो. आम्हाला त्यात वेगळंच महत्त्वाचं वाटतं : जिला सोबत चालायचं होतं, तिला आधी विचारलं गेलं. नागपुरात स्वतःची प्रॅक्टिस असलेल्या स्मिताताई हो म्हणाल्या, त्या सगळा हिशेब ऐकून.

मेळघाटाच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडलं. बाबांपुढे आपण सगळेच लहान. तरी त्यांच्या पत्नी कुंताबाईंना कोणी काय विचारलं, हे आपल्या कीर्तनांत फारसं येत नाही. मुलगा गोविंदा गेल्याची खबर खारेपाटणला पोचली, तेव्हाही बाबांचं कीर्तन थांबलं नाही म्हणतात. ऐकणारे धन्य झाले असतील. घरी काय झालं असेल?

बैरागडचं घरही सोपं नव्हतं. स्मिताताईंचं बाळंतपण डॉक्टरांनी तिथंच केलं. बाळ अत्यवस्थ झालं. अकोल्याला न्या, असं लोक म्हणत होते. गावातल्या इतर मुलांना जे उपचार मिळतात तेच माझ्या बाळाला, असं त्या म्हणाल्या. बाळ वाचलं. खरं सांगायचं तर हा निर्णय आम्हाला आजही पेलत नाही, आणि कुण्या आईकडून त्याची अपेक्षा करू नये असंच वाटतं. पण तो त्यांचा होता, लादलेला नव्हता. पुढे त्या घरानं शेतीही केली, मुलगा शेतकरी झाला. २०१९ मध्ये दोघांना मिळून पद्मश्री मिळाली.

राहिला करंज्यांचा प्रश्न. दिवाळीनंतरच्या बाजाराला मेळघाटातले, वर्षभर गुरं राखणारे थाट्ये घुंगरू बांधून, बासऱ्या घेऊन येतात आणि मनसोक्त नाचतात. ज्यांच्या दुःखापायी आपण सण सोडायला निघालो, ते आपल्याला विचारून थोडेच नाचतात! तेव्हा करंज्या तळा, आणि डोंगरातल्या पेशंटसोबत कुणी आलेलं असेल तर चार त्याच्याही हातावर ठेवा.