श्रीलंकेतले मुस्लिम तमिळ बोलतात, मग ते तमिळ पक्षांसोबत का नाहीत?

श्रीलंकेतले बहुतेक मुस्लिम घरी तमिळ बोलतात. पण त्यांना 'तमिळ' म्हटलं, तर ते लगेच दुरुस्ती करतील. जनगणनेतही त्यांची नोंद 'मूर' अशी वेगळी होते. लोकसंख्येत ते साधारण 10 टक्के आहेत.

वेगळेपण जुनंच, पण युद्धाने ते पक्कं केलं. ऑगस्ट 1990 मध्ये कट्टानकुडीच्या मशिदींमध्ये नमाज पढणाऱ्या 100 हून अधिक जणांना गोळ्या घालण्यात आल्या. या हत्याकांडासाठी 'एलटीटीई'ला जबाबदार धरलं जातं. त्याच ऑक्टोबरमध्ये 'एलटीटीई'ने उत्तरेतल्या 70 हजारांहून अधिक मुस्लिमांना हाकलून दिलं. जाफन्यात तर घर सोडायला जेमतेम दोन तास मिळाले.

एम. एच. एम. अश्रफ यांनी स्थापन केलेल्या श्रीलंका मुस्लिम काँग्रेसला याच काळात पूर्वेकडे बळ मिळालं. सूत्र सोपं होतं: एकगठ्ठा मतं, आणि त्या बदल्यात सत्तेत वाटा.

2009 मध्ये युद्ध संपलं. 2012 च्या पूर्व प्रांताच्या निवडणुकीत 37 पैकी राजपक्षेंच्या आघाडीला 14 जागा मिळाल्या, तमिळ पक्षाला 11 आणि मुस्लिम काँग्रेसला 7. किल्ली मुस्लिम काँग्रेसच्या हातात होती. तमिळ नेत्यांनी मुख्यमंत्रीपद देऊ केलं, तरी पक्ष राजपक्षेंसोबत गेला. कारण केंद्रातली मंत्रिपदं.

त्याचा उपयोग किती झाला? जून 2014 मध्ये अलुथगामात कट्टर बौद्ध संघटनेच्या सभेनंतर मुस्लिमांची घरं-दुकानं जाळली गेली. तेव्हा देशाचे न्यायमंत्री होते मुस्लिम काँग्रेसचेच नेते रौफ हकीम! पक्ष सरकारमधून बाहेर पडला तो डिसेंबरमध्ये, अध्यक्षीय निवडणूक तोंडावर आल्यावर.

2019 च्या ईस्टर बॉम्बस्फोटांत 250 हून अधिक लोक गेले आणि संशय अख्ख्या समाजावर आला. कोरोनाकाळात गोटाबाया राजपक्षे सरकारने मुस्लिमांच्याही मृतदेहांचं सक्तीने दहन केलं. हे सुरू असतानाच, ऑक्टोबर 2020 मध्ये, अध्यक्षांचे अधिकार वाढवणारी घटनादुरुस्ती संसदेत आली. हकीम यांनी विरोधात मत दिलं, पण त्यांच्याच पक्षाच्या बहुतेक खासदारांनी बाजूने. मतदारांचा राग साहजिक होता.

नोव्हेंबर 2024 मध्ये डाव्या 'एनपीपी'ने 225 पैकी 159 जागा जिंकल्या. इतक्या मोठ्या बहुमतापुढे किंगमेकर कोणाला हवा? नव्या मंत्रिमंडळात एकही मुस्लिम कॅबिनेट मंत्री नव्हता.