सागरी गुन्हे आणि न्यायाचा किनारा

खुल्या समुद्रावर कोणाचीच सत्ता नसते, म्हणून तेथे कोणाचाच कायदा चालत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारानुसार, खुल्या समुद्रातील जहाजावर ते ज्या राष्ट्राचा ध्वज फडकविते त्या राष्ट्राचा अधिकार चालतो. या नियमास चाचेगिरीचा मोठा अपवाद आहे. चाच्यांना कोणत्याही राष्ट्राने पकडावे आणि आपल्या न्यायालयापुढे उभे करावे, अशी मुभा हाच करार देतो. तथापि मुभा असणे वेगळे आणि ती वापरण्याची सिद्धता असणे वेगळे.

हा फरक मुंबईने अनुभवला आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे जहाज इंडोनेशियाहून निघाल्यावर चाच्यांनी पळविले. मालक जपानी, ध्वज पनामाचा, पोटात सुमारे सात हजार टन अॅल्युमिनियम. खलाशांना तराफ्यावर सोडून देण्यात आले. त्यांचे प्राण थायलंडच्या मच्छीमारांनी वाचविले. पुढच्याच महिन्यात भारतीय तटरक्षक दल व नौदल यांनी अरबी समुद्रात जहाज पकडून पंधरा आरोपींना मुंबईस आणले. पराक्रम निर्विवाद होता. परंतु चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच भारतात नव्हता! भारतीय दंडसंहितेची कलमे आणि १८४९ चा ब्रिटिशकालीन कायदा यांच्या आधारे खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने २००३ मध्ये सात वर्षांची शिक्षा दिली; २००५ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले.

ही उणीव भरून काढणारा कायदा संसदेने संमत केला तो २०२२ च्या डिसेंबरात. मार्च २०२४ मध्ये नौदलाने 'रुएन' जहाजावरून पकडलेले पस्तीस सोमाली चाचे मुंबई पोलिसांच्या स्वाधीन झाले, तेव्हा या कायद्याचा आधार हाताशी होता.

तरीही समाधान मानून स्वस्थ बसता येणार नाही. चाचेगिरीची व्याख्या मुख्यतः एका जहाजावरून दुसऱ्यावर केलेल्या हल्ल्याची आहे. एकाच जहाजावर एका खलाशाने दुसऱ्याचा खून केला, तर तो तीत बसत नाही. तेथे पुन्हा ध्वजाचा नियम लागू होतो. पनामा, लायबेरिया यांच्या ध्वजाखाली असंख्य परकीय मालकीची जहाजे फिरतात, आणि त्यांवर कोकणातील तरुणही नोकरी करतात. आरोपी भारतीय असेल तर आपला कायदा त्याच्यापर्यंत पोहोचतो. आरोपी परकीय आणि बळी आपला, असे घडले तर तपासाची भिस्त प्रामुख्याने दूरच्या ध्वज-राष्ट्रावरच राहते. मुलाचे काय झाले, हे गावातल्या आईबापांनी कोणाला विचारावयाचे?

अशा राष्ट्रांशी तपास व पुरावा यांविषयी द्विपक्षीय करार करणे, हा यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. चाच्यांना पकडणाऱ्या युद्धनौकांचा आपणास अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. परंतु व्यापारी जहाजावर राबणाऱ्या खलाशालाही राष्ट्राचे तेवढेच संरक्षण लाभले पाहिजे.