लिलावाची बोली आणि मैदानावरचा मुलगा

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि तेथून उत्तरेकडे चाकणपर्यंत पसरलेला औद्योगिक पट्टा येथे माणसांची निवड ही नित्याची बाब आहे. कारखान्यांच्या दारांशी शिकाऊ उमेदवारीसाठी तरुणांच्या रांगा लागतात. प्रमाणपत्रे पाहिली जातात, लेखी चाचणी होते, दोन-चार प्रश्न विचारले जातात आणि बहुतेकांना परत पाठविले जाते. याच रांगेतील काही मुले संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर उतरतात. तेथेही त्यांना कोणी तरी पाहत असते. गेल्या दशकभरात या दुसऱ्या निवडीला मोठे आर्थिक मूल्य प्राप्त झाले आहे. २०१४ मध्ये व्यावसायिक प्रो कबड्डी स्पर्धा सुरू झाली आणि मुळा नदीपलीकडच्या बालेवाडी क्रीडासंकुलाने मातीतल्या या खेळाला मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात नांदताना पाहिले. साहजिकच महाविद्यालयीन खेळाडूची पारख कशी करावी, ती कोणी करावी आणि पारख चुकली तर तिची किंमत कोणी मोजावी, हे प्रश्न आता केवळ क्रीडाशिक्षकांपुरते उरलेले नाहीत.

महाविद्यालय आणि लिलाव यांचे नाते आता उघडपणे जोडले गेले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबईत झालेल्या नवव्या हंगामाच्या लिलावासाठी पाचशेहून अधिक खेळाडूंची यादी होती. तीत त्याच वर्षी बंगळुरूत झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील दोन अंतिम संघांचे २४ खेळाडू समाविष्ट करण्यात आले होते. पद्धत स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु संघ अवघे १२ आणि प्रत्येक संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. म्हणजे जागा फार तर ३००. त्यांतील बऱ्याच आधीच्या हंगामातील कायम ठेवलेल्या खेळाडूंनी व्यापलेल्या, काही परदेशी खेळाडूंसाठी. उरलेल्या थोड्या जागांसाठी देशभरच्या मंडळांतील आणि महाविद्यालयांतील मुले झटत असतात.

पारख आणि तिच्या मर्यादा

खेळाडूची पारख मुळात अवघड का असते? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर येथे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला असलेली माहिती सारखी नसते. आपल्या गुडघ्याची खरी अवस्था खेळाडूला ठाऊक असते, संघमालकाला नसते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखविले होते. अशा वेळी घेणारा बाह्य खुणांवर विसंबतो. कारखान्यात ती खूण पदविकेच्या गुणांची असते, कबड्डीत चढाईच्या गुणांची. पण आंतरविद्यापीठ सामन्यात दुबळ्या बचावाविरुद्ध मिळविलेले पंधरा गुण आणि कसलेल्या कोपरारक्षकासमोर मिळविलेले पाच गुण धावपत्रकावर आकड्यांनीच मोजले जातात. त्यांतला फरक धावपत्रक सांगत नाही. त्यातून चढाई करणाऱ्याचे यश सर्वांच्या डोळ्यांत भरते. साखळीत योग्य क्षणी पाऊल टाकून पकड पुरी करणाऱ्या मधल्या बचावपटूचे श्रेय मात्र अनेकदा दुसऱ्याच्या नावावर जमा होते. जे मोजता येते त्यालाच गुण मानण्याची ही चूक परीक्षापद्धतीला अपरिचित नाही.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील साडेतीनशेहून अधिक महाविद्यालयांचे बास्केटबॉल संघ सर्वोच्च श्रेणीत खेळतात, आणि व्यावसायिक स्पर्धेचे ३० संघ दर वर्षी दोन फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात. निवडीत सर्वसाधारणपणे दुबळ्या संघांना आधी संधी मिळते. त्यापूर्वी खेळाडूची उंची, हातांचा पसारा, उडी, वेग यांची काटेकोर मोजमापे होतात. एवढे करूनही १९८४ मध्ये पोर्टलँडच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी यांची निवड केली आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाले. २०१४ मध्ये सर्बियाचे निकोला योकिच ४१ व्या क्रमांकावर निवडले गेले; पुढे ते तीनदा त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले. मोजपट्टी उंची मोजते; दबावाखाली निर्णय घेण्याची शक्ती तिच्या कक्षेत येत नाही.

लिलावात या अनिश्चिततेत आणखी एका दोषाची भर पडते. एका वस्तूच्या मूल्याविषयी अनेकांचे अंदाज वेगवेगळे असतील, तर ती वस्तू ज्याचा अंदाज सर्वांत चढा त्याच्याच पदरी पडते. १९७१ मध्ये अमेरिकेतील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांनी याला ‘विजेत्याचा शाप’ म्हटले. २०२२ च्या लिलावात तमिळ थलैवाज संघाने पवन सेहरावत यांच्यासाठी २ कोटी २६ लाख ५० हजार रुपये मोजले. पहिल्याच सामन्यात ते जायबंदी झाले आणि त्यांचा हंगाम संपला. तरीही तो संघ उपांत्य फेरीत पोहोचला, तो प्रामुख्याने नवोदित नरेंदर यांच्या चढायांच्या बळावर. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवन यांना २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. संघाची एकूण खर्चमर्यादा ५ कोटींची. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एकावर खर्च झाली आणि किमान १८ खेळाडूंचा संघ उभा करावयाचा, तर उरलेल्या सतरा जणांना सरासरी १४ लाख उरले. तो संघ त्या हंगामात तळाला राहिला. दोष खेळाडूचा नव्हे. सात जणांच्या खेळाचा हिशेब एका नावावर मांडण्याचा होता.

याउलट पुणेरी पलटणचे उदाहरण आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार आठव्या हंगामात नवोदित म्हणून या संघात आले. दहाव्या हंगामात त्यांच्याच नेतृत्वाखाली संघाने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळविले. याच संघाने महंमदरझा शादलुई यांच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते, हे विसरता कामा नये. मोठी बोली नेहमीच वाया जाते असे नाही. ती घडविलेल्या संघात घातली, तर फळते. मात्र पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने इनामदार यांना बाहेर बसावे लागले आणि संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. कर्णधाराचे भवितव्य जेथे एका गुडघ्यावर अवलंबून, तेथे यादीत शेवटी असलेल्या मुलाची कथा काय?

घडविणारा कोण, फळ कोणाला?

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. मुलाला घडविण्याचा खर्च कोण करतो? गल्लीतले मंडळ, तेथील बिनपगारी प्रशिक्षक, महाविद्यालयाचा जिमखाना आणि दूध-खुराकासाठी पोटाला चिमटा घेणारे कामगार कुटुंब. गॅरी बेकर यांनी मानवी भांडवलाच्या विवेचनात दाखविल्याप्रमाणे, जे कौशल्य घेऊन माणूस कोठेही जाऊ शकतो, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक सहसा उचलीत नाही. चाकणच्या कारखान्यास तयार कारागीर हवा असतो, तसा संघमालकास तयार चढाईपटू. यशाचा वाटा बोली लावणाऱ्याकडे जातो. अपयशाचा सारा भार मात्र कुटुंबावर पडतो. वयाची वीस ते चोवीस ही वर्षे मैदानावर घालवून निवड न झालेला मुलगा अपुरी पदवी आणि दुखरा खांदा घेऊन पुन्हा कारखान्याच्या रांगेत उभा राहतो, आणि तोवर त्याच्या पुढे त्याच्याहून धाकटी मुले उभी असतात.

यावर मुलांना मैदानापासून दूर ठेवावे, असे कोणी सुचवील. हा उपाय सोपा, पण अन्यायाचा आहे. गरिबाच्या मुलाला वर येण्याचे मार्ग आधीच थोडे. त्यांतला एक बंद करून त्याचे हित साधत नाही. व्यवहार्य उपाय दुसरे आहेत. फुटबॉलमध्ये खेळाडू एका संघातून दुसऱ्यात गेला, की त्याच्या मोबदल्यातील ५ टक्के रक्कम त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडविणाऱ्या संस्थांना वाटली जाते. कबड्डीत खेळाडूच्या कमाईला हात न लावता संघमालकांनी बोलीच्या वर ५ टक्के भरावेत, असा नियम केला, तर प्रत्येक संघाचे २५ लाख आणि १२ संघांचे मिळून सुमारे ३ कोटी रुपये दर हंगामास मंडळांच्या हाती येतील. एका नामांकित खेळाडूच्या किमतीहून ही रक्कम फारशी मोठी नाही. पण मंडळांना मॅट, प्रशिक्षक आणि दुखापतीचा विमा यांसाठी ती पुष्कळ आहे.

महाविद्यालयांचेही कर्तव्य आहे. सामन्यांचे धावपत्रक केवळ गुणांपुरते न ठेवता कोणत्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या साहाय्याने गुण मिळाला याची नोंद केली, तर पारख अधिक न्याय्य होईल आणि मधल्या बचावपटूचे श्रेयही त्याच्या नावावर लागेल. स्पर्धेमुळे परीक्षा बुडालेल्या खेळाडूची परीक्षा पुन्हा घेणे ही मेहेरबानी समजली जाऊ नये. आणि या पट्ट्यातील उद्योगांनी खेळाडूंसाठी शिकाऊ उमेदवारीच्या काही जागा राखून सरावासाठी सवलत दिली, तर मुलाला मैदान आणि रोजगार यांपैकी एकच निवडण्याची पाळी येणार नाही.

खेळाडूची किंमत ठरविण्याचा अधिकार बाजाराला मिळाला आहे, आणि तो आता परत घेता येणार नाही. परंतु ज्याच्यावर बोली लागली नाही, तोही याच समाजाचा मुलगा आहे. निवडीची कोणतीही पद्धत निवडलेल्यांच्या यशावरून नव्हे, तर न निवडलेल्यांचे पुढे काय होते यावरूनच पारखली पाहिजे.